धुऱ्यापलीकडची गंजी

शकील गेल्याचं मला हिंमतकाकांनी फोनवर सांगितलं. "तुया दोस्त गेला रे..." पेरणीच्या तोंडावर ताप आला, साधाच वाटला, अमरावतीच्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला. असा फोन खरं तर त्याच्या घरून यायला हवा होता. हिंमतकाका त्याचे धुऱ्याचे, म्हणजे बांधालगतचे शेजारी. गेल्या पावसाळ्यात मी ज्यांच्याविरुद्ध पत्रक लिहायला बसलो होतो, तेच.

शकील बडनेऱ्याजवळ मका पेरायचा. अकोल्याला शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी पत्रकं वाचत वाढलेला. प्रत्येक नुकसानीमागे मला कुणीतरी गुन्हेगार दिसतो. गेल्या वर्षी त्याच्या मक्यावर करपा आला, पानांवर लांबट राखाडी डाग. गाव हसलं. जुनी धसकटं, धांडे गाडून वावर साफ करणारा तो एकटाच, आणि रोग पहिला त्याच्याच वावरात! त्यानं मला बोलावून ओळी दाखवल्या. धुऱ्यालगत पानं डागांनी भरलेली, आत जावं तसे डाग विरळ. धुऱ्यापलीकडे काकांची गेल्या हंगामातल्या मक्याच्या धांड्यांची गंजी होती. वाळल्या धांड्यांत बुरशी तग धरते, ओल लागली की तिचे बीजाणू सुटतात, आणि पावसाळी वारा गंजीकडून शकीलकडेच वाहायचा.

"हवेले कुलूप लावतं का बे?" काका म्हणाले.

"हवेले नाई काका, गंजीले हात लावा. कुट्टी करून घरच्या गोठ्यात ठेवा," शकील म्हणाला.

"तू कावून मायी गंजी पाहून राहिला? आपलं वावर पाय ना!"

मी तिथंच मथळा लिहिला, 'गुन्हेगार धुऱ्यापलीकडे!' शकीलनं तो खोडला. "तू छापशीन अन् अमरावतीले जाशीन. मले इथंच राहाचं हाये, त्याइच्या बाजूले." आम्ही कडाकडा भांडलो. पत्रक निघालं नाही. हिवाळाभर तो काकांच्या खळ्यावर जाऊन बसायचा... चहा मिळायचा, गंजी हलायची नाही. आणि भर उन्हाळ्यात एकदा त्याचा फोन, "हलली बे गंजी!" इतका आनंदानं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. अख्ख्या गावात दोनच वावरं साफ झाली होती. पण तो म्हणाला, आता मी एकटा नाई.

परवा गेलो. शकीलचं वावर यंदा पडीक आहे. काका आपल्या मक्यात उकिडवे बसून अगदी खालचं पान उजेडाकडे धरून पाहत होते. रोग खालून वर चढतो म्हणून शकील असाच बसायचा. गाव आता काकांना हसतं. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. पानावर डाग होता. त्यांनी अंगठ्यानं पुसून पाहिला, आणि मान वर न करता हाक मारली,

"शकील, हे पाय रे..."

पडीक वावरातलं गवत वाऱ्यानं पलीकडे झुकलं. काका पान धरून तसेच बसून राहिले.