निघालोय, अर्ध्या तासात पोचतो

एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही — बायकोला नाही, भावाला नाही, आणि रोज सकाळी पूजेला बसलो की तळहातावरच्या इष्टलिंगाकडे बघतो, तिथंही ती ओठांवर आणलेली नाही. सहा वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला हे सांगायची माझी छाती नाही, एवढं आधीच कबूल करतो.

मी ढोरांचा डॉक्टर. पाटोद्याच्या अलीकडं-पलीकडं माळावरची दहा-बारा गावं माझ्याकडं आहेत. पदवी मोठी नाही, पदविका आहे, पण लोक डॉक्टर म्हणतात आणि मीही कधी त्यांना अडवलं नाही. म्हातारी माणसं अप्पा म्हणतात. गाय अडली, म्हैस आटली, शेळीचं पोट फुगलं की माझा फोन वाजतो. दिवसभर वाजतो. जेवताना वाजतो, अंघोळीला बसलो की हमखास वाजतो. वैताग यायचा — खरंच यायचा. पण फोन उचलला नाही तर माणूस दुसऱ्याला लावतो, याची भीती त्या वैतागापेक्षा मोठी होती. पलीकडच्या गावात एक तरुण डॉक्टर नुकताच आला होता. हुशार होता, गोड बोलायचा. माझी दोन गावं त्यानं वर्षभरात हळूच काढून घेतली होती.

मग एकदा पाटोद्यात मोबाइलच्या दुकानात बसलो असताना दुकानदारानं एक ॲप दाखवलं. फोन उचलला नाही किंवा कुणाचा मेसेज आला, की आपल्या नावानं उत्तर आपसूक जातं. पाच मिनिटांचं काम. त्यात तयार वाक्यं होती — ‘मी कामात आहे’, ‘नंतर फोन करतो’. साधी, सरळ, खरी वाक्यं. त्यातलं एखादं ठेवलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

मी ती पुसली. आणि स्वतःच्या बोटानं लिहिलं — ‘निघालोय. अर्ध्या तासात पोचतो.’

का, ते सांगतो. आमचं किराणा दुकान. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘माल वाटेत आहे’ म्हणायचं, म्हणजे ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही — हे मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. पण वडिलांवर ढकलत नाही मी. साखर वाटेत आहे म्हटल्यानं कुणाचा जीव जात नाही, हे वडिलांना ठाऊक होतं. आणि मला तर त्याहून जास्त ठाऊक होतं. आमच्या भागात एक रीत आहे. डॉक्टर निघाला म्हणजे जनावर त्याच्या हातात गेलं. मग मालक दुसऱ्याला बोलवत नाही, तो निघालेल्या माणसाचा अपमान होतो. आणि दुसरा डॉक्टर समोर उभा असला तरी हात लावत नाही. ही रीत चांगली आहे. माणसं एकमेकांच्या शब्दावर चालतात म्हणून ती टिकलीय. त्याच रीतीचा मी खुंटा केला आणि गिऱ्हाइकं त्याला बांधून ठेवली. ॲपनं आणखी एक विचारलं होतं — उत्तर एकाच माणसाला दिवसातून एकदा पाठवायचं, की प्रत्येक वेळी? मी ‘प्रत्येक वेळी’ निवडलं.

चार-सहा महिने काही बिघडलं नाही. दुपारची झोप मिळायला लागली. तास-दीड तासानं जायचं, गाडी पंक्चर झाली म्हणायचं. लोक पाणी द्यायचे, चहा ठेवायचे. सोकावलो.

आता त्या दुपारकडं यायला हवं. किती वेळ टाळू?

धोंडीबा मेंढपाळ. साठीच्या पुढचा माणूस, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. मुलगा पुण्याकडं कामाला, घरी सून सुरेखा. मेंढरांमागं दोघंच — सासरा आणि सून. माळावर रेंज धड नाही, बोलता बोलता फोन तुटतो, मेसेज तेवढा जातो. धोंडीबाला वाचता येत नाही, म्हणून मेसेज सुरेखा लिहायची. दिवाळी होऊन गेलेली. कापलेल्या ज्वारीच्या खोडांना कोवळे फुटवे आले होते. हे फुटवे विषारी असतात, आमच्याकडं त्याला किराळ लागणं म्हणतात. मेंढरांना त्या रानाकडं फिरकू द्यायचं नसतं, हे धोंडीबाला मी नव्हे, त्याच्या आज्यानं शिकवलेलं. पण कुत्री मागं लागली आणि कळप बुजून थेट त्या रानात शिरला. बाहेर काढेपर्यंत बऱ्याच मेंढरांच्या तोंडात कोवळं पडलं होतं.

किराळावर इंजेक्शन आहे. माझ्या पेटीत होतं. पहिली तीन-चार मेंढरं कुणीही गेला असता तरी गेलीच असती. बाकीची थोडं थोडं खाल्लेली होती. ती वाचली असती — हे मी अंदाजानं बोलत नाही, हा माझा धंदा आहे.

आणि मी कुठं होतो? कुणाच्या मयतीला? दुसऱ्या अडल्या गाईपाशी? नाही हो. मी घरी झोपलो होतो. सणाचं उरलेलं गोडधोड पोटभर खाऊन, पंखा लावून, फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला ठेवून.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिल्या तासात तो तरुण डॉक्टर त्याच वाटेनं चालला होता. माणसं जमलेली बघून थांबला, गाडीवरून उतरला, पेटी सोडली. त्याच्याकडंही इंजेक्शन होतं. धोंडीबानं हात जोडले. म्हणाला, “साहेब, राग मानू नका. आमचे अप्पा निघालेत. त्यांच्या माघारी दुसऱ्याचा हात लागला तर त्यांना काय वाटंल?” त्या पोरानं तरीही मला फोन लावला. फोन वाजून बंद झाला आणि त्याच्याही मोबाइलवर माझं उत्तर गेलं — निघालोय, अर्ध्या तासात पोचतो. तो दहा-पंधरा मिनिटं थांबला. मग त्याला दुसरीकडून बोलावणं आलं, तो गेला. त्याची चूक? काही नाही. त्यानं रीत पाळली.

मी पाचला उठलो. चहा घेतला. चहा घेऊन मग फोन बघितला — हेही लिहितो, कारण चहासुद्धा माझ्या डोक्यातून जात नाही. सुरेखाचे अकरा मेसेज. ‘अप्पा लवकर या मेंढरं पडायलीत.’ खाली माझं उत्तर. ‘आनखी सात पडली.’ खाली माझं उत्तर. ‘कुठपर्यंत आलात.’ उत्तर. ‘मामा रस्त्यावर जाऊन थांबलेत तुमच्यासाठी.’ उत्तर. अकरावा मेसेज होता — ‘आता घाई करू नका सावकाश या.’ आणि त्याच्याही खाली, तेच थंड वाक्य, माझ्या नावानं.

एकतीस मेंढरं गेली.

तेव्हाही जायला हवं होतं. पायात पाय अडकत का होईना, जाऊन त्या म्हाताऱ्यासमोर उभं राहायला हवं होतं. शिव्या खायच्या होत्या, मार खायचा होता. तुम्हाला वाटेल इथवरचा सगळा आळस होता, लबाडी होती, पाप असं नव्हतं. मीही कधी कधी तसं घोकून बघतो. पण यापुढचं मी पूर्ण जागेपणी केलं.

मी मोटारसायकल घेऊन गावाबाहेर गेलो. नाल्याच्या उतारावर कुणी नाही बघून ती आडवी पाडली. इंडिकेटर फुटला. पेटीतून पट्टी काढली — वासरांच्या पायाला बांधतो तीच — आणि डाव्या घोट्याला घट्ट गुंडाळली. लंगडत घरी आलो. बायको घाबरली, रडली. तिला म्हटलं, धोंडीबाकडं चाललो होतो, गाडी घसरली. आणि मग सुरेखाला मेसेज केला — या वेळी स्वतः, एकेक अक्षर दाबून — ‘वाटेत पडलो. पाय मोडला.’

तिसऱ्या दिवशी धोंडीबा आले. चालत. सोबत सून. मी अंगणात बाजेवर पडलेलो, पाय उशीवर. त्यांना फाटकातून येताना बघितलं आणि वाटलं, कळलं. आता हा माणूस सगळ्या आळीसमोर माझी अब्रू काढणार. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

त्यांनी धोतराच्या सोग्यातून आंबेहळदीची गाठ काढली. बायकोकडं सहाण मागितली, स्वतः उगाळली, चुलीवर कोमट केली. माझ्या पायाशी बसले. पट्टी सोडली. मी नको नको म्हणत होतो. त्यांना वाटलं, दुखतंय. त्या खरबरीत हातांनी, मेंढरू धरावं तसा, माझा धडधाकट घोटा धरला आणि त्याला लेप लावला. सूज कशी नाही, हे त्यांनी विचारलं नाही. जन्मभर मेंढरांचे पाय बसवलेला माणूस. त्याच्या बोटांना कळलं नसेल? की माझा शब्द बोटांपेक्षा मोठा वाटला? मला आजही ठाऊक नाही.

लेप लावता लावता ते म्हणाले, “आमच्यापायी पडलात, अप्पा. आमची मेंढरं जायाचीच हुती. पर तुमचा पाय कावून जायाचा? लई वाईट वाटलं बघा.”

ज्याचा कळप गेला, तो माझी माफी मागत होता. आणि मी? “असू द्या, धोंडीबा,” असं म्हणालो. मोठ्या मनानं.

ते हात धुवायला आडाकडं गेले. सुरेखा तिथंच उभी होती. पदर डोक्यावर, हातात तोच मोबाइल. माझ्याकडं न बघता बोलली. आवाज चढला नाही, उलट इतका खाली होता की मला ऐकायला वाकावं लागलं.

“त्या दुसऱ्या डाक्टरनं मला इचारलं हुतं. सगळे मेसेज सारखेच हायत, ह्ये आपसूक तर येत न्हाईत ना? मी म्हणलं, न्हाई. आमचे अप्पा तसले न्हाईत.”

मोबाइल पदराखाली घेतला.

“तवा त्यो गेला.”

तिनं आडाकडं नजर टाकली, म्हातारा कोपरापर्यंत हात धूत होता.

“मामांना सांगू नका. त्यांनी हात जोडून डाक्टरला माघारी लावलाय. त्यांना ह्ये कळलं तर ते उरायचे न्हाईत.”

आणि ती गेली. सासऱ्याच्या मागं, दोन पावलं अंतर ठेवून.

तिचं म्हणणं मी मानलं. लगेच मानलं. ते मला सोयीचं होतं — तिनं सासऱ्यासाठी मागितलेलं गप्प राहणं मी स्वतःसाठी वापरलं. त्या पोरीनं माझ्या खरेपणाची ग्वाही दिली म्हणून मेंढरं मेली, असं ती आजही मनात धरून असेल. हा भार तिचा नाही, माझा आहे, एवढं तरी मी तिला सांगायला हवं होतं. सहा वर्षांत सांगितलं नाही. ती दिसली की मी रस्ता बदलतो.

ते ॲप मी त्याच दिवशी काढलं. फोन पहिल्या रिंगला उचलतो, अंघोळीतूनही उठतो, बोलावणं आलं की खरंच निघतो. याचं काही मोल नाही. कुठल्याही डॉक्टरनं हेच करायचं असतं.

धोंडीबा आता दुसऱ्याच्या कळपामागं चाकरीला आहेत. जिथं जातात तिथं माझी गोष्ट सांगतात — मेंढरांसाठी धावताना पाय मोडून घेतलेल्या डॉक्टरची. त्या गोष्टीमुळं मला तीन नवी गावं मिळाली. तो तरुण डॉक्टरही बाजारात भेटला की आदरानं विचारतो, पाय कसा आहे. गेल्या आठवड्यात धोंडीबांनी बोलावलं होतं, मालकाची शेळी अडली होती. गाडी लांब लावावी लागली. बांधावरून चालत गेलो. ते शेळीपाशी बसलेले, डोळ्यांवर हात धरून माझी वाट बघत होते. अजून पाय दुखतो का, म्हणाले.

मी हो म्हणालो. त्यांच्यासमोर मी अजून लंगडतो.