घागरीशिवाय घाटावर

१९८१ च्या डिसेंबरात, एका सोमवारी पहाटे साडेपाचला, माझी आई कारध्याच्या घरातून निघाली आणि वैनगंगेच्या काठाने डोंग्यांच्या घाटापर्यंत चालत जाऊन परत आली. तिच्या हातात काही नव्हते. मी सोबत होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकत होते.

पहाटे काठावर बायका असतच. पण प्रत्येकीजवळ घागर, धुण्याची बादली किंवा पूजेचे ताट असे. नुसते चालायला कोणी बाई येत नसे.

वाळू थंड होती, पाण्यावर धुके होते. घाटावर ढिवर जाळ्यातले मासे सोडवत होते. आई उभी राहून बघत होती.

"काय पायजे, बाई?" एकाने विचारले.

"काही नाही. फिरून रायली."

तो सोबत्याकडे वळला. "आयक गा, कारध्यात बी आता साहेबीण झाली."

"झाली तं झाली. तुह्या डोंग्यात पाणी भरून रायलं, ते पाह्य पयले."

डोंग्यात खरोखरच पाणी आले होते. सोबती हसला. आम्ही परत फिरलो.

चार दिवस असेच गेले. शुक्रवारी ही गोष्ट मोठ्या बाबांपर्यंत, म्हणजे माझ्या थोरल्या काकांपर्यंत पोचली. घरात त्यांचा शब्द चाले. आई लग्नापासून, बावीस वर्षांत, त्यांच्याशी एकदाही बोलली नव्हती. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचे नाही, अशी रीत होती. त्यांना तिला काही सांगायचे असले की ते मला सांगत, आणि तिचे उत्तर मी त्यांना सांगे. बहुतेक वेळा दोघांमध्ये फक्त एक दार असे.

त्या संध्याकाळी ते आजीसोबत ओसरीवर बसले होते. आई दाराआड होती.

"तुह्या मायले सांग, लोक हासून रायले. उद्यापासून घागर घेऊन जात जाय म्हणा. रिकामी असली तरी चालते."

मी वळले. आईने ऐकलेच होते.

"सांग त्यायले, पाणी घरच्या विहिरीत हाये."

"मंग लोकायले सांग म्हणा, डॉक्टरनं चालाले सांगतलं. पाय दुखते म्हणा."

"सांग, माहे पाय दुखत नाही."

"मंग जाते कायले?"

या वेळी आईने माझ्याकडे पाहिले नाही. ती दाराबाहेर आली. डोक्यावर पदर होता.

"मोठे बाबा, तुमी बी रोज पहाटे पुलावर जाता. तुमाले कोणी विचारते का, कायले जाता म्हणून?"

मोठे बाबा उठून उभे राहिले. "पाह्य, बोलली," ते आजीला म्हणाले.

आजी तांदूळ निवडत होती. "मंग उत्तर दे ना तिले."

उत्तर त्यांनी मला दिले. "सांग तिले, उद्या गेली तं तिच्या हातचा चहा मी घेत नाही."

मी ते सांगितले. आई आत गेली आणि भाकरी करायला बसली.

बाबा त्या आठवड्यात धानाच्या खळ्यावर राखणीला झोपत. जेवायला आले तेव्हा त्यांना सगळे कळले. ते आधी जेवले. निघताना आईला म्हणाले, "पहाटे लय थंडी पडते. शाल पांघरत जाय."

शनिवारी साडेपाचला आई शाल पांघरून निघाली. धुक्यात पलीकडचा भंडारा दिसत नव्हता. घाटावर एका ढिवराने तिला डोंग्याच्या काठावर बसायला जागा करून दिली. ती बसली नाही. तिला परतीची वाट चालायची होती.

सातला आम्ही घरी पोचलो. आईने नेहमीप्रमाणे चहाची कपबशी ओसरीवर ठेवली. मोठ्या बाबांनी ती उचलली नाही. थोड्या वेळाने आजीने तो चहा प्याला.

आई त्यानंतर रोज गेली. मोठ्या बाबांनी तिच्या हातचा चहा पुन्हा घेतला तो होळीच्या दिवशी. त्या पहाटेही ती घाटावर जाऊन आली होती.