न मागितलेली पहिली विनंती

शुक्रवार, १२ डिसेंबर, दुपारी तीन. ठिकाण – गंगाखेड, आमच्या घराची पुढची खोली. हजर – दीनाआक्का, मार्थाबाई, माझी धाकटी जाऊ रूथ आणि मी.

हजेरीने सुरुवात केली, कारण आमच्या चर्चच्या महिला मंडळाची वही वीस वर्षं माझ्याकडे आहे. भुतंखेतं, साक्षात्कार यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. प्रार्थना करते, तीसुद्धा यादी करून. वहीत चार रकाने – तारीख, नाव, विनंती, आणि उत्तर मिळालं की बरोबरची खूण.

त्या दिवशी पहिली विनंती माझी होती. यांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट. तो आणायला हे परभणीला गेले होते आणि चारच्या सुमारास फोन करणार होते.

दीनाआक्का इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. महिन्यातून एकदा त्या आम्हाला काहीतरी समजावून सांगतात. त्या दिवशीचा विषय होता क्वायटिझम. सतराव्या शतकात रोममध्ये एका स्पॅनिश धर्मगुरूने शिकवलं, की देवापुढे नुसतं गप्प बसावं. काही मागू नये, स्वतःचं तारणसुद्धा नाही. पुढे फ्रान्समध्ये एका विधवा बाईने असंच लिहिलं. शांतता या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडलं, तेही विरोधकांनी ठेवलेलं. दोघांनाही कैद झाली.

मार्थाबाई मूळच्या पेडगावच्या. त्यांना राहवेना. "मागायचंच न्हाई तर देवाला कळंल कसं? आन् मंग भाकरी बी त्योच थापील का?"

"पोपचं म्हणणं जवळपास हेच होतं," आक्का म्हणाल्या. "माणसाने काहीच करायचं नसेल, तर चर्च कशाला, सत्कर्म कशाला?"

"म्हंजे मी आन् पोप एका मताचे. सासू जित्ती व्हती तवाच तिला हे कळायला पायजे होतं."

आक्का हसल्या. "दहा मिनिटं करून बघू. एस्तेर, ती वही मिट."

"आक्का, आज माझी विनंती..."

"ठाऊक आहे गं. म्हणूनच मिट."

मी मिटली. चहा मंद आचेवर ठेवला, मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावला. घड्याळात तीन चाळीस.

सुरुवातीला डोक्यात रिपोर्टच. मनातल्या मनात मागायला गेले, तर शब्द येईनात. मग मागावंसंच वाटेना... कपडे वाळत घालून झाल्यावर रिकामी बादली हातात धरून क्षणभर उभं राहावं, तसं.

टायमर वाजला. "झाली बी?" मार्थाबाई म्हणाल्या.

रूथ भिंतीकडे बघत होती. "ताई... सव्वापाच."

मोबाईलही सव्वापाचच दाखवत होता. त्यावर यांचे तीन मिस्ड कॉल. चौघींपैकी एकीनेही रिंग ऐकली नव्हती, आणि फोन सायलेंटवर नव्हता – मी तपासलं. आधी धावले स्वयंपाकघरात. चहाला नुकती उकळी येत होती. चार कप पुरेपूर भरले.

यांना फोन लावला. "होतीस कुठं? तीनदा केला. गाठ साधी आहे गं. मी बसमध्ये बसलोय."

मी खालीच बसले. मार्थाबाईंनी माझा कप माझ्याच हातात दिला. "पी. साखर इसरलीस, पर चालतंय."

नंतर मी तेच पातेलं, तेवढंच पाणी-दूध, तीच आच – तीनदा करून पाहिलं. अकरा मिनिटांत चहा उतू जातो. झोप लागली म्हणावं, तर चौघींना एकदम? आणि चहाला? रिपोर्ट सकाळीच तयार होता, त्याचं श्रेय मी त्या बैठकीला देत नाही. पण तो दीड तास गेला कुठे, हे आजही सांगता येत नाही. भीती मात्र वाटली नाही. उलट हल्ली रोज दुपारी दहा मिनिटं मी तशीच बसते, बरं वाटतं.

अडलंय ते वहीत. पहिल्या विनंतीपुढे खूण करावी, तर मी मागितलंच नव्हतं. ओळ खोडावी, तर उत्तर आलंय. दर शुक्रवारी पेन उघडते... तो रकाना अजून भरायचा राहिलाय.