चुकीच्या बाटलीतलं द्रावण

निघालो तेव्हा सोलापूर स्टेशनवर आम्हा दोघींच्या घरची माणसं एकाच बाकड्यापाशी उभी होती. नसरीन शहरातल्या सात रस्ता चौकाजवळची, मी मोहोळकडच्या खेड्यातली. एमएस्सीला शेजारी बसलो आणि जर्मनीतल्या एकाच प्रयोगशाळेत दोघींची निवड झाली. "एकमेकीला सोडू नगा," आई म्हणाली. मी मनापासून मान हलवली.

प्रयोगशाळेत आमचं काम अ‍ॅप्टामरचं. डीएनएचा हा इवलासा तुकडा विशिष्ट घडी घालतो आणि नेमक्या एका प्रथिनाला चिकटतो. त्याला रंग जोडला की पेशीतलं ते प्रथिन मायक्रोस्कोपखाली चमकतं. नसरीनचे ठिपके स्वच्छ, एकेक वेगळा दिसणारा. माझं नुसतं हिरवं धुकं. बॉसनं तिच्या ठिपक्यांचा फोटो भिंतीवर लावला. पुढच्या वर्षी आमच्यातल्या एकीलाच ठेवून घेणार होते. मी तोंडभरून अभिनंदन केलं, तिच्या हातची बिर्याणी दोनदा वाढून घेतली आणि आतून जळत राहिले. राबत तर मीही तेवढीच होते.

एका सोमवारी तिनं फ्रिजमधून चुकीची बाटली काढली. पेशी धुण्याच्या द्रावणात मॅग्नेशियम नसलं तर अ‍ॅप्टामरची घडी सुटते आणि तो प्रथिनावरून निघून जातो. दोन बाटल्या दिसायला सारख्या. तिनं बिनमॅग्नेशियमच्या बाटलीतून महिनाभराचं द्रावण भरून घेतलं. मी शेजारीच होते. मी बघितलं आणि हातमोजे बदलायला गेले.

तीन आठवडे तिचे फोटो काळेकुट्ट. तिचं जेवण तुटलं. "माझं कुटं चुकतंय गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी काय माहीत म्हणाले. खरं सांगते, त्या दिवसांत मला झोप छान लागायची.

मग तिच्या अम्मीचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी वाळलीय, तूच तिला जेवायला घाल, असं त्या मलाच सांगत होत्या. फोन ठेवल्यावर मी नसरीनला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "घरी सांगू नको. तितं आपण अजून चांगल्या हाय की."

दुसऱ्या आठवड्यात तिचे ठिपके परत आले. जागाही तिलाच मिळाली. मी दुसऱ्या गावात काम शोधलं. हेवा अजून आहे, फक्त आता तिच्या मोठ्या मनाचा.

इतकी वर्षं घर म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं, की तिथं मी नसरीनवर जळते हे कुणाला माहीत नाही. आई, हे वाचून झालं की सात रस्त्याला जा, आणि तिच्या अम्मीलाही वाचून दाखव.