न धुतलेला रोल

कुवेतच्या रुमैथिया भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ होता, फक्त बायकांचा. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे पडद्यातल्या बायकांचे फोटो काढायला बाईच लागायची, असं वडील सांगत. त्यांचाही स्टुडिओच होता. कुवेतमध्ये १९९० सालीही तेच चालू होतं. बायका आत येत, अबाया काढून ठेवत, लिपस्टिक लावत आणि ऐटीत बसत. पुरुषाला आत पाऊल टाकू द्यायचं नाही हा नियम. आमचे हेसुद्धा ऑफिसातून आले की मागच्या दाराने घरात शिरायचे.

एकदाच मी नियम मोडला. समोरच्या घरातली शिक्षिका माझी नेहमीची गिऱ्हाईक, मला ‘उख्ती’ म्हणायची, म्हणजे ताई. तिच्या सैन्यातल्या भावाचं लग्न ठरत होतं. पुरुषांच्या स्टुडिओत त्याचा फोटो धड येत नाही, तूच काढ, म्हणून ती हटून बसली. तो गणवेशात आला, नव्या नवरीसारखा लाजत होता. नऊ फोटो काढले. छत्तीसचा रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही ही वडिलांची शिस्त, म्हणून मी म्हटलं, आठवडाभराने देते. त्या आठवड्यातच इराकी सैन्य शहरात शिरलं.

मी तशी फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी. पण इराकी शिपाई हातात फोटो घेऊन घरोघरी कुवेती सैन्यातली माणसं शोधायला लागले, तेव्हा मीही दारं लावून बसले. शिक्षिकेचा भाऊ घरातच लपला होता. घरच्यांनी त्याचा तान्हेपणापासूनचा एकूण एक फोटो जाळला होता. शिक्षिका माझ्याकडे आली.

“तुझ्याकडचे?”

“कॅमेऱ्यातच आहेत. धुतलेच नाहीत.”

“मग राहू दे. तेवढेच उरलेत.”

ह्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, मायदेशी परतायला जॉर्डनपर्यंतचा बसचा प्रवास झेपला नसता, म्हणून आम्ही मागे राहिलो होतो. हे रोज म्हणायचे, “तो रोल काढून टाक, दोघांना भिंतीशी उभं करतील.” मी म्हणायची, “तुम्ही तुमची खिचडी गिळा.” घास मात्र माझ्याही तोंडात फिरायचा. बाहेर गाडी वाजली की मी आधी कॅमेऱ्याकडे बघायची.

एका दुपारी जीप आमच्याच दारात थांबली. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर एक अधिकारी उतरत होता, मागे दोन शिपाई. कुणीतरी रोलची चुगली केली, संपलं सगळं, असं वाटलं. रोल गुंडाळून पिठाच्या डब्यात खुपसता आला असता, तेवढंही सुचलं नाही. मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फिल्म सरसर ओढली आणि खिडकीतल्या उन्हात धरली. न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की ती गेलीच. मग ती केरात कोंबली आणि दार उघडलं.

अधिकाऱ्याने टोपी काढली. आरशासमोर उभं राहून केस विंचरले, मिशी सारखी केली. “आईला पाठवायचाय. चांगला काढ,” म्हणाला.

मी नवा रोल भरला. फिल्म इतक्यांदा खाचेतून निसटली की शेवटी तोच म्हणाला, घाबरू नकोस. एक फोटो काढला. तो न्यायला अधिकारी काही परत आला नाही, आणि त्यानंतर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

थंडीत शिक्षिकेच्या भावाला पकडून नेलं. कुणीतरी नुसतं घर दाखवलं होतं, फोटो लागलाच नाही. युद्ध संपल्यावर बेपत्ता माणसांचे अर्ज निघाले. अर्जावर फोटो चिकटवायचा होता. ती तशीच धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आता धू.”

मी सांगितलं. जीप आली, मी घाबरले, रोल उन्हात धरला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती अर्जावरच्या रिकाम्या चौकोनावर बोट फिरवत बसली. सैनिकांना भ्यायले नव्हते इतकी मी त्या घडीला तिला भ्यायले.

मग तिने कॅमेरा उचलला. “ह्यात रोल दिसतोय. आत काय आहे?”

मी तिच्या हातातून तो काढून घेतला.

“काही नाही गं,” म्हटलं. “कोरा आहे.”