मेलमधून काढलेलं वाक्य

"तिसरं वाक्य काढून टाक, अरविंद," वेंडेल माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. "लोक घाबरतील."

वेंडेल आमच्या आयटीचा प्रमुख, माझ्याहून बराच लहान. मी सीनियर अ‍ॅडमिन. कंपनी जर्मनीतली, गेर्लिंगेनजवळची, मशीनचे सुटे भाग बनवणारी. तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आम्ही सगळ्या स्टाफला पासवर्ड मॅनेजर दिला होता. म्हणजे असं सॉफ्टवेअर, जे तुमचे सगळे पासवर्ड सांभाळतं आणि तुम्हाला एकच मास्टर पासवर्ड लक्षात ठेवायला लावतं. त्या सकाळी ते बनवणाऱ्यांनीच कळवलं होतं की त्यांच्याकडे चोरी झाली आहे आणि ग्राहकांच्या डेटाच्या प्रती बाहेर गेल्या आहेत.

यात एक गोम होती. चोरीला गेलेले पासवर्ड कुलूपबंद होते, म्हणजे एन्क्रिप्टेड. पण ते कोणकोणत्या साइटचे, ते पत्ते मात्र उघडे होते. बँकेच्या लॉकरला भक्कम कुलूप असावं आणि दारावर लिहिलेलं असावं: वकील, दवाखाना, नवी नोकरी. शिवाय सोबत तुमचा ईमेल. माझं तिसरं वाक्य तेवढंच सांगत होतं: तुम्ही कोणत्या साइट वापरता हे चोरांना दिसत असेल, म्हणून तुमच्या डॉक्टरच्या किंवा बँकेच्या नावाने आलेल्या मेलवर लगेच विश्वास ठेवू नका.

"हे त्यांनी स्वतःच जाहीर केलंय," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग ज्याला वाचायचं तो तिथे वाचेल."

"इंग्रजीत आहे. तेही पार तळाला."

"आल्झो, म्हणजे उपलब्ध आहे ना."

याआधी अख्खी सकाळ एका मीटिंगमध्ये गेली होती. हा प्रकार आमचा डाटेनपाने, म्हणजे डेटाचा अपघात, म्हणायचा की त्यांचा, यावर चर्चा. कोणी कोणाला कळवायचं, मेलखाली सही कोणाची. काय गेलं आणि कोणाचं गेलं, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. कामगार प्रतिनिधींची संमती हवी होती, तर त्यांचे प्रमुख सुट्टीवर. मी कंटाळलो होतो, वैतागलो होतो, आणि निवृत्ती दिसायला लागली होती. वाक्य सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबलं. वेंडेलने नाही, मी.

मेल गेला. पासवर्ड सुरक्षित आहेत, खबरदारी म्हणून मास्टर पासवर्ड बदला, काळजीचं कारण नाही. फोन सुरू झाले. एकाने विचारलं, नवा पासवर्ड जुन्यापेक्षा वेगळाच हवा का? एकाने शेवटी उद्गारचिन्ह लावलं आणि चालेल का म्हणून तो पासवर्ड मलाच मेल केला. खरं तर चोरलेली प्रत जुन्या मास्टर पासवर्डनेच उघडते. बदलायचे ते आतले सगळे पासवर्ड. तेही आम्ही लिहिलं नव्हतं, कारण त्याने काम थांबलं असतं.

आता प्रज्ञाबद्दल. नागपूरची मुलगी, आमच्याकडे टेस्टिंग विभागात इंजिनियर. मीटिंगमध्ये मला जर्मन रीतीने हेर बापट, म्हणजे श्रीयुत बापट म्हणायची, कँटीनमध्ये काका. या सॉफ्टवेअरमध्ये खासगी खात्यांसाठीही फुकट जागा होती आणि मी ती सगळ्यांच्या गळ्यात मारत होतो. तिने आधी नकार दिला होता. "काका, घरचं सामान ऑफिसच्या कपाटात कशाला?" मी म्हणालो, अगं, आतलं मलासुद्धा दिसत नाही. ते खरं होतं. दारावरचं दिसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तिचं एका क्लिनिकमध्ये खातं होतं. कोणतं आणि कशासाठी, ते इथेही लिहिणार नाही. तिने ते घरी सांगितलं नव्हतं, ऑफिसात तर नाहीच.

काही आठवड्यांनी तिच्या खासगी ईमेलवर त्या क्लिनिकच्या नावाने मेल आला. अस्खलित जर्मन, एकही चूक नाही. तुमचे रिपोर्ट नव्या पोर्टलवर हलवतोय, लॉगिन करून खात्री करा. आपण तिथे जातो हे क्लिनिकशिवाय कोणालाच ठाऊक नाही, मग मेल त्यांचाच, असं तिला वाटलं. माझ्या मेलवर विसंबलेल्या कोणालाही वाटलं असतं. तिने पासवर्ड टाकला. पुढच्या आठवड्यात धमकी आली. तिने दाद दिली नाही, सरळ पोलिसांत गेली. तेव्हा चोरांनी रिपोर्ट ऑफिसच्या सामाईक पत्त्यावर पाठवले. रिसेप्शनवर ते उघडले गेले, प्रिंट झाले आणि नियमाप्रमाणे एचआरकडे गेले. दुपारपर्यंत मजलाभर माहीत.

मग ट्रेनिंग. खोटे मेल कसे ओळखावेत, यावर वेंडेलला स्लाइड हवी होती. मी बनवली: 'एका सहकाऱ्याने क्लिनिकच्या नावाने आलेली लिंक उघडली. तुम्ही हे करू नका.' नाव नव्हतं. गरजही नव्हती. प्रज्ञा समोर बसली होती आणि लोक तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. इंजिनियर असून फसली, असं पुढे मराठी मंडळातही बोललं गेलं. मी तिथेही वड्याची प्लेट घेऊन गप्प उभा होतो.

तीन महिन्यांत ती नोकरी सोडून कोलोनला गेली.

निवृत्त झाल्यावर मी तिला फोन केला आणि काढलेल्या वाक्याबद्दल सगळं सांगितलं.

"काका, ते वाक्य असतं तर मी लिंक उघडली असती?"

"नसती."

"मला वाटत राहिलं, मीच बावळट." मग म्हणाली, "सॉरी मला नकोय. ती स्लाइड अजून दाखवतात. तिच्यावर आता तुमची गोष्ट घाला. नावासकट."

मी कंपनीला सविस्तर लिहिलं. स्मरणपत्रं पाठवली. तीन वेगवेगळ्या विभागांनी उत्तर दिलं की हा विषय आमच्याकडे येत नाही. शेवटी कामगार प्रतिनिधींनी तो लावून धरला. जुनी स्लाइड गेली. नवीवर लिहिलंय की चोरीनंतर आयटीने कर्मचाऱ्यांपासून महत्त्वाची माहिती दडवली आणि त्यामुळे एका सहकाऱ्याचं नुकसान झालं. प्रज्ञाला कंपनीचं माफीपत्र गेलं. मंडळात मी माईक मागून घेतला आणि स्वतः सांगितलं.

या धंद्यात इतकी वर्षं घालवून शिकलो ते एवढंच: चोरी झाल्यावर काय शाबूत आहे ते मागाहून सांगा, आधी काय गेलं ते सांगा. लोक घाबरले तर घाबरू द्या. घाबरलेला माणूस निदान लिंक दोनदा बघतो.

स्लाइडवर माझं नाव मात्र घातलं नाही. मी लेखी परवानगी दिली, तरीही नाही. मी वेंडेलला फोन करून कारण विचारलं.

"डाटेनशुट्झ," तो म्हणाला. व्यक्तिगत माहितीचं संरक्षण.

म्हणून ते इथे लिहितो. वाक्य काढणारा अ‍ॅडमिन मी होतो, अरविंद बापट.