खालून नट धरणारी

पेठ नाक्याच्या थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये गोटीरामचं गॅरेज होतं. पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. नाशिकातल्या चांगल्या चांगल्या मिस्त्रींनी हात टेकले, की तेच गाडीवाल्याला सांगत, "गोटीरामकडे घेऊन जा."

गंजून जाम झालेला बोल्ट त्याचं ऐकायचा. हातोडा तो सहसा उचलत नसे. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, घासलेट आणि ऑइल मिसळून सोडायचं, रात्रभर भिजू द्यायचं. सकाळी पाना लावला, की बोल्ट सोडायच्या आधी तो थोडा आवळायचा. बघे हसत. मग आतला गंज तुटल्याचा 'कर्रर्र' असा आवाज येई आणि हसणारे गप्प होत. ऐन प्रवेशात नटाने थांबावं आणि थिएटरने श्वास रोखावा, तशी ती शांतता असे.

पण त्या शांततेतला निम्मा मान दुसऱ्या कुणाचा होता. आरपार गेलेल्या बोल्टला वरून फिरवणारा लागतो, तसा खालून नट धरणाराही लागतो. नाहीतर दोन्ही मिळून नुसते गरागरा फिरतात. नट धरायला त्याची बायको सगुणाबाई असे. पदर खोचून ती गाडीखाली सरकली, की बाहेर तिची पावलं तेवढी दिसत आणि आवाज येई.

"धरलंय मी! फिरवा की. वर आरती ओवाळताय का?"

"जोर लावतोय गं!"

"लावा, लावा. सकाळी तीन भाकरी कुठं गेल्या म्हणते मी?"

समोरच्या टपरीवरचे लोक चहा हातात घेऊन हे ऐकायला उभे राहत.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि सगुणाबाई गेली. त्यानंतर गोटीराम एकट्याने होतील तेवढीच कामं घेऊ लागला. ब्रेक, प्लग, कार्बोरेटर. दोघांचं काम आलं, की म्हणे, "त्याला माणूस लागतं."

"मग ठेवा की माणूस!" गाडीवाला म्हणे.

"बघू," म्हणून तो हात पुसत बसे. टपरीवरचे लोकही आता चहा बसूनच पीत.

लेक साधना मालेगावात नांदत होती. दर दिवाळीला तिचा एकच धोशा, मालेगावला चला. एका वर्षी ती इरेला पेटली. "आबा, तुम्ही जेवता काय, झोपता कधी, कुणाला पत्ता नाही. उद्या गाडीखाली अडकलात तर ओढून काढणार कोण?"

गोटीरामलाही चेव आला. "एक मोठं काम एकट्याने करून दाखवतो. झालं तर मी इथंच राहणार, तू परत विषय काढायचा नाही. नाही झालं तर शेड मोडून तुझ्या दारात येतो."

"शब्द?"

"शब्द."

आठवडाभरात पेठहून भिमाजी आपली जुनी जीप घेऊन आला. घाटातल्या पावसाने जीपची जमीन, म्हणजे तळाचा पत्रा, खाऊन टाकली होती. "काका, पॅशिंजरला खालचा रस्ता दिसतो. परवा एका म्हातारीची चप्पल गेली, ती अजून मला शिव्या देते. आता समदी बॉडीच उचला. मागचे बोल्ट तुमी नि काकूनी बदलले व्हते, पुढचे कंपनीचेच हायेत."

बॉडी चासीवरून, खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, सोडवायची म्हणजे एकेक बोल्ट वरून-खालून खोलणं आलं. गोटीरामने मान हलवली. हेच काम.

पुढच्या बोल्टांनी त्याचा अंत पाहिला. खाली जाऊन नटाला पाना लावायचा, तो लाकडाच्या खुंटीने अडवायचा, बाहेर येऊन वर चढायचं, फिरवायचं. खुंटी निसटे, पाना पडे, पुन्हा खाली. शेजारचा गॅस वेल्डिंगवाला रंगनाथ हे बघत होता.

"मामा, मी धरतो ना खालून."

"नको. पैज लागलीय."

"कुणाशी?"

"लेकीशी."

"मग तिला कोण सांगायला चाललंय?"

गोटीराम वर चढला, पाना लावला आणि सवयीने ओरडला, "धरलं का?"

खालून काही आलं नाही. रंगनाथने आपली गॅसची ज्योत बंद केली आणि उगाच नळी गुंडाळत बसला.

बोटं सोलून, कंबर धरून, पुढचे बोल्ट एकदाचे निघाले. आता मागचे. गोटीराम पाठीवर सरकत जीपखाली गेला आणि तिथंच थांबला.

इतकी वर्षं तो वर उभा होता. खाली सगुणाबाई काय करते, हे त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं. प्रत्येक नटावर मेणबत्तीचं मेण थेंबथेंब सोडून जाड टोपी केलेली होती. नखाने मेण उकरलं, तर आत ग्रीस अजून ओलं. आणि नटाला टेकवून, चासीच्या कडेत वाकवून, पत्र्याची एकेक पट्टी बसवलेली. नट जागचा हलू नये म्हणून.

मग त्याला आठवलं. हे बोल्ट बदलले त्या सालापासून ती उजव्या मनगटाला फडकं बांधायची. विचारलं तर म्हणायची, "भाकऱ्या थापून दुखतंय."

म्हणजे 'धरलंय मी' म्हणून दमदाटी चालायची, तेव्हा पट्टी धरत होती आणि बाई नुसती पडून होती! गोटीराम जीपखाली एकटाच हसला. हसता हसता बराच वेळ तिथंच पडून राहिला.

मागचे बोल्ट वरूनच, एका हाताने, सुटून आले.

संध्याकाळी त्याने नाक्यावरच्या बूथवरून मालेगावला फोन लावला.

"झालं का काम, आबा?"

"झालं."

"एकट्याने?"

हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. शेड राहिली असती, नाका राहिला असता.

"नाही," तो म्हणाला. "मागचे तुझ्या आईने धरले."

पलीकडून मग नाक ओढल्याचा आवाज आला. "मग शब्दाप्रमाणे येताय ना?"

"येतो. भिमाजीची जीप जोडतो नि येतो."

नवी जमीन बसली, बॉडी चढली. या वेळी रंगनाथ वर होता आणि गोटीराम खाली. प्रत्येक नटाला तो पत्र्याची पट्टी वाकवून बसवत होता, मेणबत्तीचं मेण थेंबथेंब सोडत होता. भिमाजी कंटाळला.

"काका, किती लाड त्या नटांचे! पुन्यांदा कोन उघडनार हाय ते?"

"उघडेल कुणीतरी," खालून आवाज आला. "एकटा असला, तर त्याचं अडायला नको."

बाहेर त्याची पावलं तेवढी दिसत होती.